आयएसओ ९००१ घेताय? ॲक्रेडिटेड की नॉन-ॲक्रेडिटेड, हे ठरवायचं कसं

भोसरी, चाकण, सातपूर, वाळूज, शिरोली, कुठल्याही एमआयडीसीत छोटं वर्कशॉप चालवणाऱ्या माणसाच्या व्हॉट्सॲपवर एक मेसेज हमखास येतो, "आयएसओ ९००१ सर्टिफिकेट, तीन दिवसात घरपोच, ऑडिटची गरज नाही." त्याच आठवड्यात दुसऱ्या कंपनीचं कोटेशन येतं, त्यात फी कितीतरी पट जास्त, वर दोन टप्प्यांचं ऑडिट, दर वर्षी परत तपासणी. पहिला कागद बहुधा नॉन-ॲक्रेडिटेड असतो, दुसरा ॲक्रेडिटेड, पण दोन्हीवर लिहिलेलं मात्र एकच असतं, आयएसओ ९००१:२०१५, म्हणजे कंपनीत क्वालिटी सांभाळायची सिस्टिम कशी असावी याचं आंतरराष्ट्रीय स्टँडर्ड. मग मालक साहजिकच विचारतो की महाग का घ्यायचं. हा प्रश्न रास्त आहे आणि त्याचं सरळ उत्तर बहुतेक कन्सल्टंट देत नाहीत, कारण त्यांचं कमिशन कुठल्या कागदावर आहे त्यावर त्यांचं उत्तर ठरतं. म्हणून हे सगळं जरा खोलात लिहितोय, वेळ काढून वाचा.

आधी कोण कोणाला तपासतं ते समजून घ्या

जिनिव्हाची आयएसओ ही संस्था १९४७ पासून स्टँडर्ड लिहिते, पण सर्टिफिकेट देत नाही, जगात कोणालाच देत नाही. त्यामुळे "डायरेक्ट आयएसओकडून सर्टिफिकेट मिळवून देतो" असं कोणी म्हणालं तर बोलणं तिथेच थांबवायचं. आयएसओचा लोगो लेटरहेडवर छापायलाही परवानगी नसते.

सर्टिफिकेट देते ती सर्टिफिकेशन बॉडी, आपल्याकडे सगळे सीबी म्हणतात. या सीबीने कसं काम करायचं याचं वेगळं स्टँडर्ड आहे, आयएसओ/आयईसी १७०२१-१. ऑडिटर कसे निवडायचे, किती दिवस ऑडिट करायचं, निर्णय कोणी घ्यायचा, सगळं त्यात आहे. आता सीबी हे पाळते की नाही हे बघणारी जी संस्था, ती ॲक्रेडिटेशन बॉडी. भारतात हे काम एनएबीसीबी करतं, जे क्वालिटी कौन्सिल ऑफ इंडियाचं एक बोर्ड आहे, आणि क्वालिटी कौन्सिल १९९७ मध्ये केंद्र सरकारने ॲसोचॅम, सीआयआय, फिक्की या उद्योग संघटनांबरोबर मिळून उभी केली. ब्रिटनमध्ये यूकेएएस, जर्मनीत डाक्स, अमेरिकेत ॲनॅब, ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडसाठी जॅस-ॲन्झ. हे सगळे एकमेकांचं काम मान्य करतात ते आयएएफच्या, म्हणजे ॲक्रेडिटेशन बॉडींच्या जागतिक संघटनेच्या, बहुपक्षीय करारामुळे, ज्याला एमएलए म्हणतात. (जानेवारी २०२६ पासून आयएएफ आणि लॅबवाल्यांची आयलॅक एकत्र येऊन ग्लोबल ॲक्रेडिटेशन कोऑपरेशन झालीय, पण बाजारात लोक अजून आयएएफच म्हणतात, जुन्या कागदांवरही तेच दिसेल, म्हणून मीही तेच नाव वापरतो.)

किराणा दुकानदाराचा काटा वैधमापनवाले येऊन तपासतात आणि शिक्का मारतात ना, तसं आहे हे. शिक्का नसलेला काटा चुकीचंच वजन दाखवेल असं नाही, पण गिऱ्हाइकाने विश्वास कशावर ठेवायचा?

तर नॉन-ॲक्रेडिटेड म्हणजे एवढंच की त्या सीबीवर असा कोणाचा डोळा नाही. हे बेकायदेशीर नाहीये, आयएसओ ९००१ मध्ये कुठेही लिहिलेलं नाही की सर्टिफिकेट ॲक्रेडिटेडच पाहिजे, किंबहुना सर्टिफिकेट घेतलंच पाहिजे असंसुद्धा लिहिलेलं नाही. आणि सगळे नॉन-ॲक्रेडिटेडवाले चोर असतात असंही नाही. नवीन सुरू झालेल्या सीबीला ॲक्रेडिटेशन मिळायच्या आधी खऱ्या कंपन्यांची ऑडिट करून दाखवावी लागतात, त्यामुळे प्रामाणिक सीबीसुद्धा सुरुवातीला काही काळ नॉन-ॲक्रेडिटेड असू शकते. त्रास होतो तो दुसऱ्या दोन प्रकारांचा. एक, नुसतं सर्टिफिकेट छापून देणारे. आणि दुसरा जास्त धोकादायक, ज्यांनी स्वतःच किंवा ओळखीतल्यांनी "अमुक इंटरनॅशनल ॲक्रेडिटेशन बोर्ड" नावाची खासगी कंपनी काढलेली असते आणि तिचा लोगो सर्टिफिकेटवर लावून "आमचं पण ॲक्रेडिटेडच आहे" म्हणतात. त्या बोर्डाला एमएलएमध्ये कोणी ओळखत नाही. वरवर बघणाऱ्याला हे कळत नाही, आणि इथेच चांगली चांगली माणसं फसतात.

पायरी १: सर्टिफिकेट कोण वाचणार ते लिहून काढा

सगळा निर्णय यावर आहे. कोणासाठी घेताय? कागद-पेन घ्या आणि ज्याने मागितलं त्याचे नेमके शब्द उतरवून काढा, ईमेल असेल तर ईमेल, टेंडर असेल तर टेंडरमधलं कलम. "आयएसओ पाहिजे असं म्हणत होते" हे पुरेसं नाही.

पुण्याच्या पट्ट्यातलं सगळ्यात कॉमन उदाहरण घेऊ. तुम्ही सीएनसीवर पार्ट करून टियर-१ कंपनीला, म्हणजे गाडी बनवणाऱ्यांना थेट माल देणाऱ्या कंपनीला, देता आणि ती कंपनी आयएटीएफ १६९४९ (वाहन उद्योगाचं क्वालिटी स्टँडर्ड) सर्टिफाइड आहे. त्या स्टँडर्डच्या ८.४.२.३ या कलमात त्यांच्या सप्लायरचं आयएसओ ९००१ कसं असावं हे सांगितलंय, की ते आयएएफच्या एमएलएमधल्या ॲक्रेडिटेशन बॉडीचा मार्क असलेलं पाहिजे, ग्राहकाने वेगळी मुभा दिली असेल तर गोष्ट निराळी. म्हणजे तिथला सप्लायर क्वालिटीवाला माणूस तुमचं स्वस्तातलं सर्टिफिकेट परत पाठवतो तेव्हा तो आडमुठेपणा करत नसतो, ते घेतलं तर त्याच्या स्वतःच्या ऑडिटमध्ये त्यालाच एनसी (नॉन-कन्फॉर्मिटी, म्हणजे ऑडिटमध्ये निघालेली त्रुटी) लागू शकते. इथे चर्चाच नाही, ॲक्रेडिटेड घ्या.

एक्स्पोर्ट असेल तरी ॲक्रेडिटेडच. परदेशातला ग्राहक तुमच्या कंपनीत येऊन बघू शकत नाही म्हणून तर तो कागद मागतो, आणि त्याच्याकडचा माणूस पाच मिनिटात ऑनलाइन चेक करतो. एनएबीसीबीचा मार्क चालेल की यूकेएएस, डाक्स पाहिजे? करारानुसार दोन्ही सारखेच, पण काही खरेदीदार आपल्या देशाचाच मार्क मागतात, तेव्हा फी भरायच्या आधी त्यांना एका ओळीचा ईमेल टाकून विचारा आणि उत्तर जपून ठेवा.

सरकारी टेंडरमध्ये शब्द वाचायचे. काही ठिकाणी नुसतं "वैध आयएसओ ९००१" असतं, काही ठिकाणी स्पष्ट "एनएबीसीबी किंवा आयएएफ सदस्याकडून ॲक्रेडिटेड" असतं. शब्द मोघम असतील तर प्री-बिड मीटिंगमध्ये लेखी विचारायचं, कारण टेक्निकल बिड उघडल्यावर समोरचा स्पर्धक हरकत घेतो आणि तेव्हा तुमच्या हातात काही उरत नाही. सबसिडीचंही तसंच, सर्टिफिकेशनच्या खर्चाचा परतावा कुठल्या योजनेतून मिळेल आणि कुठलं सर्टिफिकेट चालेल हे जिल्हा उद्योग केंद्रात आधी विचारा, पैसे भरल्यावर नको.

आणि कोणीच मागितलेलं नसेल तर? "आपल्याकडे पण असावं" म्हणून घ्यायचं असेल तर माझं मत स्पष्ट आहे, नॉन-ॲक्रेडिटेडवर पाच हजारसुद्धा घालवू नका. स्टँडर्डची प्रत विकत घ्या, एक चांगला माणूस लावून सिस्टिम बसवा, गेज कॅलिब्रेट करा, इंटर्नल ऑडिट करा, आणि सर्टिफिकेट लागेल तेव्हा ॲक्रेडिटेड घ्या. सिस्टिम खरी असेल तर रिजेक्शन तेव्हापासूनच कमी व्हायला लागेल, त्यासाठी भिंतीवर फ्रेम लागत नाही.

अजून एक, आयएसओ ९००१च पाहिजे का हेही बघा. टेस्टिंग किंवा कॅलिब्रेशन लॅब असेल तर ग्राहकाला एनएबीएलचं १७०२५ हवं असतं, हॉस्पिटल असेल तर एनएबीएच, मेडिकल डिव्हाइस असेल तर १३४८५.

पायरी २: कोटेशनमध्ये फी नंतर बघा, आधी दिवस बघा

हा भाग सगळ्यात महत्त्वाचा आहे आणि कोणी समजावून सांगत नाही. ॲक्रेडिटेड सीबीला ऑडिटचे दिवस मनाने ठरवता येत नाहीत, आयएएफचं एमडी ५ नावाचं बंधनकारक डॉक्युमेंट आहे, त्यात माणसांच्या संख्येवर तक्ता आहे. आयएसओ ९००१ साठी पहिल्या ऑडिटचे, म्हणजे स्टेज १ आणि स्टेज २ मिळून, १ ते ५ माणसांना दीड दिवस, ६ ते १० ला दोन, ११ ते १५ ला अडीच, १६ ते २५ ला तीन, २६ ते ४५ ला चार, ४६ ते ६५ ला पाच, असं ते वाढत जातं.

समजा तुमच्याकडे तीस माणसं आहेत. तक्त्यात चार दिवस. काम सोपं असेल, डिझाइन नसेल, बरीच माणसं एकच काम करत असतील तर सीबी दिवस कमी करू शकते, पण कारण लिहून ठेवावं लागतं आणि कपात ३० टक्क्यांच्या वर नेता येत नाही. म्हणजे चारातून जास्तीत जास्त १.२ गेले, राहिले २.८, थोडक्यात तीन दिवसांच्या आसपास. त्यापुढे दर वर्षीच्या सर्व्हेलन्सला, म्हणजे वार्षिक तपासणीला, पहिल्या ऑडिटच्या साधारण एक तृतीयांश वेळ आणि तीन वर्षांनी रिसर्टिफिकेशनला साधारण दोन तृतीयांश.

आता हे गणित हातात धरून कोटेशन वाचा. तीस माणसांच्या कंपनीला कोणी "एका दिवसात दोन्ही स्टेज करून देतो" म्हणत असेल तर तो एकतर ॲक्रेडिटेड नाही किंवा नियम मोडतोय, आणि नियम मोडून दिलेलं सर्टिफिकेट पुढे कॅन्सल झालं तर नुकसान तुमचंच. माणसं मोजताना कंत्राटी कामगार आणि रात्रपाळीची माणसं पण धरायची असतात, संख्या कमी सांगून फी वाचवायचा सल्ला कोणी दिला तर ऐकू नका, ऑडिटर शॉप फ्लोअरवर फिरल्यावर डोकी मोजतोच.

कोटेशन मागताना या गोष्टी एकाच ईमेलमध्ये विचारून टाका: स्टेज १ आणि स्टेज २ चे वेगवेगळे मॅनडेज (ऑडिटरचे दिवस) किती, कपात केली असेल तर का, दोन्ही सर्व्हेलन्सची फी किती, ऑडिटरचा प्रवास-राहणं कोणाकडे, जीएसटी धरून की सोडून, आणि तीन वर्षांचा एकूण आकडा काय. पहिल्या वर्षी स्वस्त दाखवून सर्व्हेलन्सला वसूल करणारे असतात, म्हणून तीन वर्षांच्या आकड्यावरच तुलना करायची.

पायरी ३: सीबी खरी आहे का, स्वतः तपासा

कन्सल्टंटने पाठवलेल्या पीडीएफवर विश्वास ठेवू नका, क्यूआर कोडवरही नको, कारण तो कोड सीबीच्या स्वतःच्याच वेबसाइटवर नेतो, तिथे ते काहीही दाखवू शकतात. उलट दिशेने जायचं. सीबी म्हणते आम्हाला एनएबीसीबीचं ॲक्रेडिटेशन आहे, तर एनएबीसीबीच्या साइटवर जाऊन मान्यताप्राप्त संस्थांच्या यादीत ते नाव शोधा. यूकेएएस म्हणत असेल तर यूकेएएसच्या साइटवर. नाव मिळालं की तीन गोष्टी बघा. ॲक्रेडिटेशन क्वालिटी मॅनेजमेंटसाठी म्हणजे आयएसओ ९००१ साठी आहे का, कारण नुसतं पर्यावरणाच्या १४००१ साठी असेल तर तुमच्या उपयोगाचं नाही. सस्पेंड झालेलं तर नाही ना. आणि तुमचा धंदा त्यांच्या स्कोपमध्ये, म्हणजे ॲक्रेडिटेशन ज्या धंद्यांसाठी मिळालंय त्यात, आहे का.

हा तिसरा मुद्दा लोक सोडून देतात. सगळे धंदे आयएएफने ३९ कोडमध्ये विभागलेत, मेटल आणि फॅब्रिकेशन १७, मशिनरी १८, रबर-प्लास्टिक १४, अन्नपदार्थ ३, बांधकाम २८, आयटी ३३, असे. सीबीकडे १७ नसेल आणि तुम्ही मशिन केलेले पार्ट विकत असाल तर ती तुम्हाला ॲक्रेडिटेड सर्टिफिकेट देऊच शकत नाही, तिचं नाव कितीही मोठं असो.

ॲक्रेडिटेशन बॉडीचंच नाव अनोळखी असेल तर आयएएफच्या एमएलए सह्या करणाऱ्यांच्या यादीत बघा. नाव भारदस्त आहे, "इंटरनॅशनल" आहे, लंडनचा पत्ता आहे, याला काही किंमत नाही. यादीत आहे की नाही, एवढंच.

आणि "तुम्हाला नॉन-ॲक्रेडिटेड पण देऊ, स्वस्तात" असं एखादी ॲक्रेडिटेड सीबी म्हणाली तर सावध व्हा, ज्या स्कोपमध्ये ॲक्रेडिटेशन आहे तिथे नॉन-ॲक्रेडिटेड मॅनेजमेंट सिस्टिम सर्टिफिकेट द्यायला आयएएफच्या ठरावाने बंदी आहे.

पायरी ४: कन्सल्टंट वेगळा, सीबी वेगळी

सिस्टिम बसवून देणारा आणि तपासणारा एकच चालत नाही. १७०२१-१ प्रमाणे सीबीला मॅनेजमेंट सिस्टिमची कन्सल्टन्सी करताच येत नाही. "डॉक्युमेंटेशन, ट्रेनिंग, सर्टिफिकेट सगळं एका पॅकेजमध्ये" ही जाहिरात दिसली की ओळखा. कन्सल्टंटने सीबी सुचवली तर हरकत नाही, पण ॲग्रीमेंट थेट तुमचं आणि सीबीचं पाहिजे, पैसे सीबीच्या खात्यात आणि बिल तुमच्या नावाने. कन्सल्टंटमार्फत रोख देऊन घेतलेल्या सर्टिफिकेटची पुढे काही कटकट झाली तर सीबी म्हणते आम्ही तुम्हाला ओळखतच नाही.

पायरी ५: स्कोपचे शब्द नीट ठरवा

सर्टिफिकेटवर तुमच्या कामाचं वर्णन छापतात, त्यालाही स्कोपच म्हणतात, आणि ते काय छापलं जाणार हे अर्ज भरतानाच ठरतं. तुम्ही पार्ट बनवता आणि स्कोपमध्ये "ट्रेडिंग आणि सप्लाय" आलं तर ग्राहक घेणार नाही. ड्रॉइंग ग्राहकाचं असेल तर डिझाइनचं कलम ८.३ लागू नाही असं कारणासकट लिहायचं. दोन गाळे असतील तर दोन्ही पत्ते पाहिजेत, आणि कंपनीचं नाव जीएसटीवर आहे अगदी तसंच.

ऑडिटच्या दिवशी काय होतं

खरं ऑडिट कसं दिसतं ते एकदा डोळ्यासमोर आणा म्हणजे पैसे कशाचे देतोय ते कळेल. स्टेज १ मध्ये तयारी बघतात, प्रक्रिया ठरवल्यात का, इंटर्नल ऑडिट आणि एमआरएम (मॅनेजमेंट रिव्ह्यू मीटिंग) झालीय का. स्टँडर्डमधल्या फेब्रुवारी २०२४ च्या दुरुस्तीनंतर हवामान बदलाचा मुद्दा आपल्याला लागू आहे का याचा विचार केला का, हेही विचारतात. स्टेज २ मध्ये ऑडिटर डिस्पॅचच्या फाइलमधून एखादं इन्व्हॉइस उचलतो आणि उलटा प्रवास सुरू करतो. हा पार्ट कुठल्या पीओवर (ग्राहकाच्या पर्चेस ऑर्डरवर) गेला, पीओत ड्रॉइंगची रिव्हिजन कुठली आणि मशिनजवळ लटकवलेलं ड्रॉइंग त्याच रिव्हिजनचं आहे का, मटेरियलचा टीसी (टेस्ट सर्टिफिकेट) कुठे, हीट नंबर (धातूच्या बॅचचा नंबर) जुळतो का, इन्स्पेक्शन रिपोर्टवर कुठल्या गेजने मोजलं ते लिहिलंय का, त्या मायक्रोमीटरवरचं स्टिकर बघू, कॅलिब्रेशनची तारीख उलटून गेली नाही ना. मग मशिनवरच्या मुलाला विचारतो, साइज बाहेर गेली तर तू काय करतोस? त्या मुलाने लाल बिनकडे बोट दाखवून "त्यात टाकतो आणि सुपरवायझरला सांगतो" असं म्हटलं आणि बिनमध्ये टॅग लावलेले पार्ट असले, तर तुमची सिस्टिम जिवंत आहे.

काही ना काही एनसी निघतेच, घाबरायचं नाही. मायनर असेल तर मूळ कारण आणि ॲक्शन प्लॅन द्यायचा. मेजर असेल तर सुधारणा करून दाखवावी लागते, आणि स्टेज २ च्या शेवटच्या दिवसापासून सहा महिन्यात सीबीला ती तपासून पक्की करता आली नाही तर स्टेज २ परत. सर्टिफिकेट द्यायचं की नाही हे ऑडिटर ठरवत नाही, सीबीमधली दुसरी माणसं त्याचा रिपोर्ट तपासून ठरवतात, त्यामुळे "ऑडिटर आपल्या ओळखीतला आहे" याचा उपयोग होत नाही, होऊही नये.

सर्टिफिकेट हातात आल्यावर

फ्रेम करायच्या आधी वाचा. नाव, पत्ता, स्कोप, सर्टिफिकेट नंबर, सुरुवातीची आणि संपायची तारीख, सीबीचा लोगो, आणि त्याशेजारी ॲक्रेडिटेशन बॉडीचा मार्क त्याच्या नंबरसकट. मग आयएएफ सर्टसर्च नावाने सुरू झालेला जागतिक डेटाबेस आहे, त्यात आपल्या कंपनीचं नाव टाकून बघा. दिसत नसेल तर सीबीला लगेच ईमेल करा, कारण ग्राहकही तिथेच बघणार आहे.

मुदत तीन वर्षं. पहिलं सर्व्हेलन्स सर्टिफिकेशनच्या निर्णयापासून बारा महिन्यांच्या आत व्हावंच लागतं, "ऑर्डर जास्त आहेत, दोन महिने पुढे ढकलू" म्हटलंत तर सर्टिफिकेट सस्पेंड होतं आणि ते ऑनलाइन सगळ्यांना दिसतं. सीबीचा मार्क लेटरहेडवर, वेबसाइटवर वापरा, पण प्रॉडक्टवर किंवा त्याच्या पॅकिंगवर छापू नका. तुमची सिस्टिम सर्टिफाइड आहे, प्रॉडक्ट नाही.

नॉन-ॲक्रेडिटेड आधीच घेतलेलं असेल तर

बऱ्याच जणांकडे असतं, आणि मग नवीन ग्राहकाने नाकारल्यावर "ट्रान्सफर करून देतो" म्हणणारे भेटतात. ट्रान्सफर फक्त एका ॲक्रेडिटेड सीबीकडून दुसरीकडे होतं, आयएएफच्याच एमडी २ या डॉक्युमेंटमध्ये तसा नियम आहे. नॉन-ॲक्रेडिटेडला स्टेज १ पासून सुरुवात करावी लागते, सवलत नाही. पण केलेलं काम वाया जात नाही. प्रोसिजर, रेकॉर्ड, कॅलिब्रेशन खरंच चालू असेल तर तेच वापरा, एक कडक इंटर्नल ऑडिट करा, एमआरएम घ्या आणि अर्ज टाका. ग्राहकाला जुना कागद ॲक्रेडिटेड म्हणून पाठवू नका, त्यापेक्षा लिहा की सध्याचं सर्टिफिकेट नॉन-ॲक्रेडिटेड आहे, अमुक सीबीकडे अर्ज केलाय, स्टेज १ अमुक तारखेला आहे, सोबत ॲग्रीमेंटची कॉपी. सप्लायर डेव्हलपमेंटवाले अशा ईमेलवर बऱ्याचदा मुदत देतात, आणि ती मुदत मागताना अर्ज ते सर्टिफिकेट सगळं धरून तीन-चार महिने तरी मागा, म्हणजे एनसी क्लोज करायला श्वास घ्यायला जागा राहील.